जादा काम, उणे वेतन

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दैनिक तासांची मर्यादा ९ वरून १२ वर आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० वर नेण्यास मान्यता दिली. तीन महिन्यांत एका कामगाराकडून किती जादा काम करून घ्यावे याचीही सीमा होती. कारखान्यांत ती ११५ तासांची व दुकानांत १२५ तासांची होती. ती दोन्हीकडे १४४ तासांवर नेण्याचे त्याच निर्णयात ठरले. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, जादा तासांचे वेतन दुप्पट दराने मिळेल, गुंतवणूक येईल आणि रोजगार वाढेल, असा खुलासा शासनाने केला. कामगार संघटनांनी निषेधाची पत्रके काढली, निदर्शने केली. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही श्रमसंहिता अमलात आल्या आणि चर्चेचा ओघ त्या दिशेला वळला. मंत्रिमंडळाच्या निर्णयाचा हिशेब मात्र कोणी नीट मांडला नाही. तो मांडणे अवघड नाही. त्याला चौथीचे गणित पुरते.

तीन महिन्यांचे आठवडे तेरा. १४४ तासांची विभागणी तेरा आठवड्यांत केली तर दर आठवड्याला सुमारे ११ तास येतात. मूळचे ४८ तास आणि हे ११ तास मिळून ५९ तासांचा आठवडा झाला. वर्षाचे जादा तास ५७६ होतात. त्यांना ४८ ने भागले की बारा आठवडे निघतात. म्हणजे ज्या वर्षात बावन्न आठवडे असतात त्या वर्षात कायदा चौसष्ट आठवड्यांचे काम करून घेण्याची मुभा देतो. हे बारा आठवडे येतात कुठून? ते कामगाराच्या झोपेतून, त्याच्या मुलांच्या वाट्याच्या संध्याकाळीतून आणि त्याच्या आयुष्यातून येतात. बदलापूर-विरारहून गाडीला लोंबकळत येणाऱ्याच्या किंवा चाकणच्या पट्ट्यात दाटीवाटीच्या खोल्यांतून राहणाऱ्याच्या बाबतीत या हिशेबात प्रवासाचे दोन-तीन तास आणखी मिळवावे लागतात. कामगार स्त्री असेल तर चुलीचे तासही मिळवावे लागतात. ते मिळवल्यावर दिवसाचे किती तास उरतात, याचा विचार मंत्रालयातील टिपणीत झाला असावा असे वाटत नाही.

या आकड्यांना इतिहास आहे, आणि तो याच भूमीवर घडलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सिद्ध केले. त्यातील मागण्या आज वाचल्या की त्या काळची गिरणी डोळ्यांसमोर उभी राहते. आठवड्यातून एक दिवस सुटी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे आणि पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, एवढेच मागणे होते. रविवारची सुटी पदरात पडायला १८९० चा जून महिना उजाडावा लागला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने जगासाठी आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा ठरवला, पण ब्रिटिश हिंदुस्थानसाठी वेगळे कलम घालून साठ तासांची सवलत मालकांना दिली. त्यानुसार १९२२ मध्ये साठ तास झाले. १९३४ मध्ये चौपन्न झाले. १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन अठ्ठेचाळीस तास आले, आणि किमान वेतनाचे विधेयकही त्यांनीच त्या वर्षी एप्रिलमध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. स्वतंत्र भारताचा १९४८ चा किमान वेतन कायदा हा त्याच विधेयकाचा पुढचा टप्पा होय.

आता २०२५ चा निर्णय या शिडीवर कोणत्या पायरीला बसतो ते पाहावे. दिवसाचे बारा तास ही १९११ ची पायरी आहे. आठवड्याचे एकोणसाठ तास ही १९२२ ची पायरी आहे. शंभर वर्षांत कामगारांनी जे चढून मिळवले ते मंत्रिमंडळाने एका बैठकीत उतरवून ठेवले. त्याला 'सुधारणा' हे नाव दिले गेले याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. अलीकडे ज्या शब्दाचा सर्वांत अधिक छळ झाला आहे, तो हाच शब्द असावा.

दुप्पट दर कशासाठी?

जादा कामाला दुप्पट दर का ठेवला गेला, याचा विसर शासनालाच काय, पुष्कळदा कामगार संघटनांनाही पडलेला दिसतो. तो दर कामगाराला खूश करण्यासाठी दिलेले बक्षीस नव्हे. दिवस लांबवू पाहणाऱ्या मालकावर बसवलेला तो दंड आहे. कामाचा दिवस आठ-नऊ तासांचाच राहावा, आणि एखाद्या हंगामात, एखाद्या तातडीच्या वेळी तो लांबवावाच लागला तर मालकाला त्याची किंमत जाणवावी, हा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या एकोणसाठाव्या कलमामागचा हेतू होता. म्हणूनच त्या कायद्यात दुप्पट दराच्या जोडीला जादा तासांची तोकडी सीमा होती. तीन महिन्यांत पन्नास तास, आणि कामाचा बोजा अपवादात्मक असेल तर पंच्याहत्तर. दिवाळीचा, लग्नसराईचा किंवा निर्यातीच्या मोठ्या मागणीचा भार त्या सीमेत उचलता येत असे. ११५ वरून १४४ वर जाणे ही हंगामी निकड नव्हे. ती कायमची व्यवस्था आहे.

या व्यवस्थेचा हिशेब मालकाच्या वहीतून करून पाहिला तर एक चमत्कारिक गोष्ट निदर्शनास येते. समजा, एका कामगाराचा आठ तासांचा रोज ५०० रुपये आहे. यंत्र चोवीस तास चालवायचे तर आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांत तीन कामगार लागतात आणि त्यांचा रोज १,५०० रुपये होतो. तेच यंत्र बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालवायचे तर कामगार दोन लागतात. प्रत्येकाला आठ तासांचे ५०० आणि चार जादा तासांचे दुप्पट दराने आणखी ५०० द्यावे लागतात. दोघांचे मिळून २,००० झाले. म्हणजे कायदा प्रामाणिकपणे पाळणाऱ्या मालकाला बारा तासांची पाळी एक तृतीयांशाने महाग पडते. तिसरा कामगार नेमला नाही म्हणून त्याच्या भविष्यनिर्वाह निधीचा बारा टक्के वाटा, राज्य विम्याची सव्वातीन टक्के वर्गणी, बोनसचे ८.३३ टक्के, रजा आणि उपदान वाचते हे खरे. पण हे सगळे मिळूनही त्या कामगाराच्या रोजाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच जाते. ५०० रुपयांची तूट त्यातून भरून निघत नाही.

मग उद्योजकांच्या संघटना बारा तासांची मागणी इतक्या आग्रहाने का करीत होत्या? तोट्याचा सौदा मागण्याइतके आपले कारखानदार भोळे नाहीत. उत्तर सरळ आहे आणि औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या कोणालाही ते ठाऊक आहे. जादा काम दुप्पट दराने दिलेच जात नाही. कंत्राटी कामगारांत त्याला 'सिंगल ओटी' असे नावच पडले आहे. चार जादा तासांचे साध्या दराने २५० रुपये दिले की दोघांचा रोज बरोबर १,५०० होतो, आणि तिसऱ्या कामगाराचा निधी, विमा, बोनस हे सगळे फुकट वाचते. वरच्या गणितात बारा तासांची पाळी परवडते ती फक्त या एका रीतीने. तेव्हा दुप्पट वेतनाचे आश्वासन देत देत बारा तासांना परवानगी देणारे शासन, ज्या गोष्टीमुळे ही मागणीच निर्माण झाली तिच्याकडे पाठ फिरवून बसले आहे, असे म्हणणे भाग आहे.

रोजगार वाढेल या दाव्याचाही निकाल याच गणितात लागतो. तीन माणसांचे काम दोघांनी केले तर तिसरा घरी बसतो. त्याला रोजगारवाढ म्हणण्यासाठी वेगळ्या अंकगणिताची गरज आहे.

येथे २०२० ची आठवण काढणे आवश्यक आहे. टाळेबंदीच्या काळात, १७ एप्रिल २०२० रोजी, गुजरात शासनाने अधिसूचना काढून कारखान्यांना बारा तासांची पाळी आणि जादा तासांना साधा दर, अशी दुहेरी सवलत दिली होती. गुजरात मजदूर सभेने ती सर्वोच्च न्यायालयात नेली आणि १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने ती रद्द ठरवून कामगारांना जादा तासांचे रीतसर वेतन देण्याचा आदेश दिला. साथीमुळे आलेली आर्थिक अडचण ही कायद्यातील 'सार्वजनिक आणीबाणी' नव्हे, आणि तिचा भार कामगाराच्या खांद्यावर टाकता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. गुजरातने जे उघडपणे लिहिले ते न्यायालयात टिकले नाही. जे न लिहिता रोज चालते, ते न्यायालयापर्यंत पोचतच नाही.

संमतीचे स्वरूप

शासनाचा सर्वांत मोठा आधार लेखी संमतीचा आहे. कामगाराची इच्छा असेल तरच तो जादा काम करील, नको असेल तर नाही म्हणेल, असे सांगितले जाते. ज्याला कारखान्याच्या फाटकाशी रोज सकाळी कंत्राटदाराचा माणूस नावे पुकारून आत घेतो, त्याने 'आज जादा थांबणार नाही' असे सांगितले तर दुसऱ्या दिवशी त्याचे नाव पुकारले जात नाही. त्याला कोणी काढून टाकत नाही, नोटीस देत नाही, चौकशी होत नाही. फक्त नाव पुकारले जात नाही. अशा माणसाची संमती छापील नमुन्यावर महिन्याच्या पहिल्या तारखेला एकगठ्ठा घेऊन ठेवणे हे पगारपत्रक लिहिणाऱ्या कारकुनाचे दहा मिनिटांचे काम आहे.

तथापि, याहूनही खोल असा एक मुद्दा आहे. पुष्कळ ठिकाणी कामगार स्वतःहून जादा काम मागतो, नाही मिळाले तर रुसतो, कोणाला किती पाळ्या मिळाल्या यावरून भांडतो. मालकवर्ग या गोष्टीचा पुरावा म्हणून उपयोग करतो. तो पुरावा खरा आहे, पण तो ज्या गोष्टीचा आहे ती वेगळी आहे. आठ तासांच्या वेतनात घर चालत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. किमान वेतन आणि जादा काम हे दोन वेगळे विषय म्हणून कायद्याच्या दोन कलमांत ठेवलेले असले तरी कामगाराच्या घरात ते एकच असतात. पहिले जितके कमी, तितके दुसरे अपरिहार्य. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात हेच सूत्र घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाला जोडले होते. भूक आणि दारिद्र्य यांमुळे ज्याला दुसरा मार्ग उरत नाही तो किमान वेतनाहून कमी दराने राबत असेल, तर ती वेठबिगारीच होय, असा न्या. भगवती यांच्या निकालाचा अर्थ होता. त्या बांधकामावर मजुराचा रोज सव्वानऊ रुपये ठरलेला होता आणि त्यातला एक रुपया जमादार दलाली म्हणून कापून घेत असे. आज रक्कम कामगाराच्या बँक खात्यात पूर्ण जमा होते आणि कंत्राटदार त्यातली काही हजार रोख परत मागून घेतो. काही ठिकाणी तर पैसे काढण्याचे कार्डच त्याच्या खिशात असते. जमादाराने एवढी प्रगती मात्र निश्चित केली आहे.

मग किमान वेतन ठरते तरी कसे? जुलै १९५७ मध्ये भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने त्याचे निकष घालून दिले. एका कमावत्यामागे तीन उपभोग-घटक, डॉ. आयक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे माणशी २,७०० उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, शासकीय औद्योगिक वसाहतीच्या दराने घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचे वीस टक्के. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी पंचवीस टक्क्यांची भर घातली. या निकषांतही उणिवा आहेत. पुरुष एक घटक, स्त्री ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६, असे मिळून तीन घटक होतात. त्यात म्हातारे आईबाप कुठेच नाहीत, आणि डोक्यावरून विटा वाहणाऱ्या बाईची भूक पुरुषापेक्षा पाचव्या हिश्श्याने कमी असते हे कोणी ठरवले, हा प्रश्न राहतोच. तरी निकष म्हणून ते होते. २०१९ च्या आरंभी डॉ. अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने घटक ३.६ धरून देशासाठी दिवसाला ३७५ रुपयांचे किमान वेतन सुचवले. केंद्र शासनाने त्याच वर्षी राष्ट्रीय तळवेतन १७६ रुपयांवरून १७८ रुपये केले. स्वतःच नेमलेल्या समितीच्या अहवालावर दोन रुपये टाकण्याचे औदार्य क्वचितच पाहायला मिळते.

२०१९ च्या वेतनसंहितेने एक गोष्ट चांगली केली आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. पूर्वी अनुसूचीत नाव असलेल्या उद्योगांपुरतेच किमान वेतन होते. आता ते सर्व कामगारांना लागू झाले. परंतु १९५७ चे निकष संहितेच्या कलमांत घातलेले नाहीत. ते नियमांवर सोपवलेले आहेत. जादा तासांच्या सीमेचेही तसेच. जुन्या कारखाना कायद्यात ती कलमातच लिहिलेली होती आणि ती बदलायला विधिमंडळापुढे जावे लागे. नव्या सुरक्षा व आरोग्य संहितेत दुप्पट दर आणि कामगाराची संमती या गोष्टी आहेत, सीमा मात्र शासनाने ठरवावयाची आहे. जी गोष्ट कायद्यातून नियमांत जाते ती सभागृहातून सचिवाच्या टेबलावर जाते. दर पाच वर्षांच्या आत वेतनदर सुधारावेत हे बंधन तर १९४८ पासून होते. प्रत्यक्षात कित्येक उद्योगांत मुदत उलटून जाते, मूळ दर तेथेच गोठतात आणि सहा-सहा महिन्यांनी महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढणाऱ्या विशेष भत्त्याच्या ठिगळावर कामगार दिवस काढतो.

ज्यांना तासच नाहीत

आतापर्यंतची चर्चा घड्याळ असलेल्या कामगारांची झाली. महाराष्ट्रातील फार मोठा कष्टकरी वर्ग असा आहे की त्याच्या कामाला घड्याळच नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागावर मजुरी मीटरवर आणि पिकावर ठरते. बारा तासांची पाळी तेथे कोणत्याही मंत्रिमंडळाची वाट न पाहता पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सोलापूरची आणि सिन्नरची बिडी कामगार स्त्री हजार बिड्यांमागे मजुरी घेते. त्या हजारांतल्या किती 'छाट' म्हणून बाजूला टाकायच्या हे कारखान्याचा माणूस ठरवतो, आणि पाने भिजवणे, कापणे, सुताने बांधणे यांत घरातल्या मुलींचे किती तास गेले ते कोणी मोजत नाही. उक्त्या दरात तास लपतात आणि तास लपले की वेतनही लपते. आठ तासांत जेवढे काम होऊ शकत नाही तेवढ्यावर किमान रोज बेतला, की कागदावर कायदा पाळला जातो आणि घरात पाळी सोळा तासांची होते.

याचे सर्वांत उघडे उदाहरण म्हणजे ऊसतोड. बीडसारख्या जिल्ह्यांतून लाखो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे उसाच्या फडांवर जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फेडण्यासाठी हंगाम असतो. मोजणीचे एकक 'कोयता' आहे, म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. दर टनावर. तो दर साखर संघ आणि कामगारांच्या संघटना यांच्यात बोलणी होऊन ठरतो, कित्येकदा संप करून. पण त्या करारात दिवसाचे तास हा रकानाच नसतो. पहाटेच्या अंधारात तोडणी सुरू होते, आणि मोळ्या बांधून झाल्यावर मालमोटार रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरावी लागते. कोयत्यातल्या अर्ध्या भागाचे, म्हणजे बाईचे, वेगळे नाव ना हजेरीपटावर ना हिशेबात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण उघडकीला आले तेव्हा सारे राज्य हळहळले, समित्या बसल्या. आजारी पडून एक दिवस खाडा झाला तर कोयत्याला दंड बसतो, या साध्या गोष्टीचा त्या शस्त्रक्रियांशी असलेला संबंध मात्र वेतनाचा प्रश्न म्हणून कोणी हाताळला नाही. तो आरोग्याचा प्रश्न ठरला, आणि आरोग्य खात्याकडे गेला.

खाजगी मालकाला दोष देताना शासन स्वतः काय करते हेही पाहावे लागते. अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा कार्यकर्त्या, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाया यांना शासन वेतन देतच नाही. ते 'मानधन' देते. या एका शब्दाने किमान वेतनाचा अख्खा कायदा दाराबाहेर उभा केला आहे. लसीकरणापासून जनगणनेच्या याद्यांपर्यंत कामे त्यांच्याकडून करून घेतली जातात, पण त्या 'स्वयंसेविका' असल्याने त्यांना कामाचे तास नाहीत आणि जादा कामाचा दर नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांना उपदानाचा कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. ज्यांना निवृत्तीच्या वेळी कामगार मानावे लागते त्यांना नोकरीच्या काळात काय मानायचे, याचे उत्तर शासनाने अद्याप दिलेले नाही.

लहान मालकांचा आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे, कारण तो सर्वस्वी खोटा नाही. चार-आठ माग असलेला खर्चीवाला यंत्रमागधारक सूत व्यापाऱ्याचे घेतो, कापड व्यापाऱ्याला देतो आणि मधली मजुरी व्यापारी ठरवील ती घेतो. वीज महागली तरी त्याची मजुरी वाढत नाही. कामगाराला नियमाप्रमाणे दिले तर माग विकावे लागतील, असे तो म्हणतो. क्राउन अॅल्युमिनियमच्या १९५८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, जो उद्योग कामगाराला जगण्यापुरते किमान वेतनही देऊ शकत नाही त्याला चालू राहण्याचा अधिकार नाही. तत्त्व म्हणून ते निर्विवाद आहे. पण खर्चीवाल्याला ते ऐकवून कामगाराच्या हातात काही पडत नाही. व्यापाऱ्याने द्यावयाच्या मजुरीचा किमान दर शासनाने बांधून द्यावा आणि कामगाराचा दर त्याला जोडावा, यासाठी लहान मागधारक व कामगार यांनी एकत्र उभे राहण्यात समाजवादी चळवळीने पुढाकार घ्यायला हवा होता. तसे पुरेसे झाले नाही. त्याऐवजी दोघे एकमेकांचे गळे धरीत राहिले आणि पेढीवरचा व्यापारी दोघांनाही उपदेश करीत राहिला.

अंमलबजावणीच्या बाबतीत फार लिहिण्यासारखे नाही, कारण फार काही घडतच नाही. १९४८ च्या कायद्यात किमान वेतन न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होता, आणि ते पाचशे रुपये सत्तर वर्षे पाचशेच राहिले. नव्या संहितेत दंड पन्नास हजारांपर्यंत वाढला, पण पहिल्या गुन्ह्याची कैद गेली. इतर तरतुदींचा भंग झाला तर खटल्यापूर्वी मालकाला चूक सुधारण्याची संधी द्यावयाची आहे. निरीक्षकाचे नाव बदलून 'निरीक्षक तथा सुविधाकार' झाले. महाराष्ट्राने तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातच निरीक्षक हा शब्द काढून निव्वळ 'सुविधाकार' ठेवला होता, आणि २०२५ च्या निर्णयाने वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना त्या कायद्याच्या तरतुदींतून मोकळे करण्याचे ठरवले. कापडाच्या, किराण्याच्या, औषधाच्या दुकानांत सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत उभ्याने काम करणारी मुले-मुली बहुतांशी अशाच दुकानांत असतात.

हा निर्णय अटळ होता, असेही मानण्याचे कारण नाही. तामिळनाडूच्या विधानसभेने एप्रिल २०२३ मध्ये बारा तासांचे विधेयक संमत केले होते. कामगार संघटना एकत्र आल्या, सत्ताधारी आघाडीतल्या डाव्या पक्षांनीही विरोध केला, आणि मुख्यमंत्री स्टॅलिन यांना १ मे २०२३ रोजी ते मागे घेतल्याची घोषणा करावी लागली. महाराष्ट्रात असे का घडले नाही, याचा विचार इथल्या संघटनांनी केला पाहिजे. कायम कामगारांच्या संघटनांनी कंत्राटी कामगाराला आपल्या सभासदत्वाबाहेर ठेवले, करारात मूळ वेतन वाढवण्याऐवजी जादा पाळ्यांची वाटणी नीट व्हावी एवढ्यावर समाधान मानले, आणि आठ तासांचा दिवस ही मागणी पहिल्या मेच्या भाषणापुरती उरली. ज्यांनी आपल्या सभासदांना 'ओव्हरटाइम'वर घर बांधायला शिकवले त्यांना बारा तासांविरुद्ध मोर्चा काढणे जड जाणारच.

हाती जी साधने आहेत ती तरी वापरली जावीत. संहितेप्रमाणे शासनाने अधिसूचनेच्या मार्गाने किमान वेतनाचे दर ठरवायचे तर प्रस्ताव आधी प्रसिद्ध करून किमान दोन महिन्यांचा अवधी द्यावा लागतो. त्या दोन महिन्यांत मालकांच्या संघटनांची निवेदने वकिलांकरवी वेळेवर पोचतात; कामगारांच्या बाजूने गावोगावच्या बाजारभावांचा, घरभाड्याचा, शाळेच्या खर्चाचा हिशेब जोडून हरकती पोचल्या पाहिजेत. कमी वेतनाच्या आणि बुडवलेल्या जादा कामाच्या दाव्याची मुदत जुन्या कायद्यात सहा महिन्यांची होती. ती आता तीन वर्षांची झाली आहे. दावा संघटनेलाही करता येतो, येणे असलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई मागता येते, आणि वेतन पूर्ण दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. कंत्राटी कामगाराच्या नावावर कोणताच कागद नसतो, म्हणून त्याने स्वतःच्या छोट्या वहीत रोज फाटकातून आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहून ठेवावी, आणि संघटनेच्या शाखेने दर रविवारी त्या वह्यांवर सही-शिक्का करावा. एका औद्योगिक वसाहतीतून अशा दोनशे वह्यांच्या आधारे तीन वर्षांच्या 'सिंगल ओटी'चा दावा दाखल झाला, तर बारा तासांची पाळी कितीला पडते, याचा हिशेब मालकांच्या संघटनेला नव्याने करावा लागेल.